ओटीपी कोणालाच सांगितला नाही, तरी पैसे कसे गेले?

सातारा जिल्ह्यातील एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात:

"गावात आमचे कृषी सेवा केंद्र आहे आणि माल आणण्यासाठी एक छोटा टेम्पो आहे. गेल्या महिन्यात एका शुक्रवारी दुपारी भावकीतल्या पुतण्याच्या नंबरवरून यजमानांच्या व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलन' नावाची फाइल आली. टेम्पोचा एक दंड खरोखरच भरायचा राहिला होता, म्हणून त्यांनी ती उघडली आणि एक रुपया भरण्यासाठी एटीएम कार्डाची माहिती भरली. शनिवारी सकाळी बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक पाहिली, तर रात्रीत ६७ हजार गेलेले होते. ते घाबरून गप्प राहिले, आणि दुपारपर्यंत आणखी १९ हजार गेले. ओटीपी त्यांनी कोणालाही सांगितला नाही, त्याचे मेसेजही त्यांना दिसले नाहीत. मला त्यांनी रविवारी संध्याकाळी सांगितले. त्याच रात्री १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, सोमवारी बँकेत गेलो. बँकेत म्हणतात, माहिती तुम्हीच दिली. फोन मोबाइलच्या दुकानातून फॉरमॅट करून आणला आहे. मधल्या दोन दिवसांत त्यांच्या नंबरवरून तीच फाइल पन्नासएक जणांना गेली आणि आता लोक आम्हालाच बोलतात. पैसे परत मिळतील का? फोन आता सुरक्षित आहे का? दुकानाच्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे आणि जीएसटीचे सगळे काम त्यावर चालते, त्याला धोका आहे का? यजमान त्या दिवसापासून फोनला हात लावत नाहीत."

सप्रेम नमस्कार ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुमच्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी एकच कोडे आहे: ओटीपी कोणालाच सांगितला नाही, तरी पैसे गेले कसे? ते उलगडले की बँकेत काय बोलायचे आणि घरात काय बोलायचे, या दोन्हींची उत्तरे सोपी होतात. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

दोन वर्षांपूर्वी एका परिचितांनी अशीच एक फाइल माझ्याकडे पाठवली होती. सिम नसलेल्या, कोणतेही खाते नसलेल्या एका जुन्या फोनवर मी ती मुद्दाम उघडून पाहिली. तुम्ही असे करू नका. मी पाहिलेले तुम्हाला सांगतो. फाइलच्या नावाच्या शेवटी टिंब देऊन एपीके ही तीन इंग्रजी अक्षरे होती. फोटो किंवा पीडीएफ उघडली की आपण ती नुसती पाहतो, पण एपीके उघडली की फोनमध्ये एक नवे ॲप बसते. सगळा घात या एका फरकात आहे. उघडल्यावर राजमुद्रेसारखे चित्र दिसले आणि खाली 'अपडेट करा' असे बटण आले. ते दाबताच फोनने इशारा दिला की हे ॲप अनोळखी ठिकाणाहून आले आहे, परवानगी द्यायची का? परवानगी दिल्यावर पहिल्या ॲपच्या पोटातून दुसरे ॲप बाहेर पडले आणि त्याने एकामागून एक मागण्या सुरू केल्या: मेसेज वाचू द्या, मेसेज पाठवू द्या, फोन कॉल हाताळू द्या, आणि शेवटी बॅटरी वाचवण्यासाठी मला बंद करू नका. प्रत्येक वेळी 'अलाऊ' हे बटण अंगठ्याच्या खालीच होते. चौथ्या परवानगीनंतर पडद्यावर दंड भरण्याचा अर्ज आला आणि मी मुख्य पानावर परतलो, तेव्हा ॲपचे चिन्ह तिथून नाहीसे झाले होते. ॲप मात्र आतच होते, सेटिंग्जमधल्या यादीत, नाव नसलेल्या एका रिकाम्या ओळीसारखे.

यजमानांच्या बाबतीत हेच घडले असावे. कार्डाची माहिती त्यांनी अर्जात भरली, ती चोरांकडे पोहोचली. रात्री चोरांनी त्या कार्डावरून खरेदीचा व्यवहार सुरू केला, बँकेने ओटीपी यजमानांच्याच फोनवर पाठवला, आणि फोनमध्ये बसलेल्या ॲपने तो वाचून दोन-चार सेकंदांत पुढे धाडला. काही ॲप्स याहून पुढे जाऊन स्वतःलाच फोनचे मुख्य मेसेज ॲप करून घेतात. मग बँकेचे मेसेज दाखवायचे की पुसून टाकायचे हे तेच ठरवतात. यजमानांना ओटीपीचे मेसेज दिसले नाहीत, त्याचे कारण बहुधा हेच आहे. 'ओटीपी कोणाला सांगू नका' हे वाक्य आपण इतकी वर्षे ऐकत आलो आहोत आणि तुमच्या यजमानांनी ते अक्षरशः पाळले आहे. या चोरीला मात्र कोणी काही सांगण्याची गरजच पडत नाही.

ही टोळी तुमच्यापुरती किंवा साताऱ्यापुरती नाही. 'क्लाउडसेक' या भारतीय सुरक्षा कंपनीने २०२४ मध्ये नेमक्या याच ई-चलनाच्या सापळ्याचा माग काढला, तेव्हा ४,४०० हून अधिक फोनमध्ये हे ॲप शिरलेले आढळले आणि त्यामागे व्हिएतनाममधील मंडळी असल्याचे त्यांनी म्हटले. 'झिम्पेरियम' या दुसऱ्या कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतीय बँकांच्या ग्राहकांना लुटणाऱ्या अशाच एका मोहिमेतील सुमारे ९०० ॲप्स तपासली. चोरांनी लोकांची माहिती जिथे साठवली होती ती जागाही उघडीच पडलेली होती, आणि त्यात सुमारे ५० हजार जणांचा तपशील होता. आज चलन, उद्या लग्नाची पत्रिका, परवा शेतकरी सन्मान निधीचा हप्ता किंवा बँकेचे केवायसी. नाव बदलते, फाइल तीच असते. चलनाचे नाव यशस्वी होण्याचे कारण तुमच्या पत्रातच आहे: गावात कोणाच्याही गाडीचा एखादा दंड बाकी असतोच.

आता पैशांविषयी. याबाबत तुम्हाला खोटी आशा दाखवणे मला बरोबर वाटत नाही, तसेच बँकेतील काउंटरवर ऐकलेले वाक्य हा अंतिम निकाल आहे असेही तुम्ही समजू नये. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी परिपत्रक काढून अशा अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती, याचे नियम घालून दिले. चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसऱ्याच कोणीतरी घुसखोरी केली, आणि बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळवले, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य असते. चार ते सात दिवसांत कळवल्यास ती ठरावीक मर्यादेपर्यंत असते. मात्र ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे, म्हणजे त्याने स्वतः गुप्त माहिती दिल्यामुळे नुकसान झाले असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा त्याने सोसायचा आणि कळवल्यानंतरचा बँकेने. बँक तुम्हाला या शेवटच्या कलमात बसवू पाहत आहे.

तुमच्या बाजूने दोन गोष्टी भक्कम आहेत. पहिली म्हणजे शुक्रवार रात्र ते सोमवार हा काळ तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत येतो, त्यामुळे उशीर झाला असे बँकेला म्हणता येणार नाही. दुसरी म्हणजे ग्राहकाचा दोष होता हे सिद्ध करण्याचा भार त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकला आहे. कार्डाची माहिती यजमानांनी एका बनावट पानावर भरली हे लपवू नका, जसे घडले तसेच लिहा. पण ओटीपी त्यांनी कोणालाही दिलेला नाही, तो घुसखोर ॲपने वाचला, हेही तितक्याच ठळकपणे लिहा. नेहमी शे-पाचशे रुपयांचे व्यवहार होणाऱ्या खात्यातून मध्यरात्री एकापाठोपाठ मोठ्या रकमा गेल्या आणि बँकेच्या यंत्रणेने त्या अडवल्या नाहीत, असे तुमच्या पासबुकात दिसत असेल तर तेही नमूद करा.

हे सारे तोंडी बोलून उपयोग नाही. शाखाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहा, त्याला १९३० वरून मिळालेला तक्रार क्रमांक, खात्याचा उतारा आणि सगळ्या व्यवहारांचे संदर्भ क्रमांक जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. ग्राहकाच्या जबाबदारीविषयीचे बँकेचे सध्याचे लेखी धोरण मागा. प्रत्येक बँकेकडे ते असावे लागते. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा अर्ज फेटाळला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे विनामूल्य तक्रार करता येते. त्यासाठी १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. वकील लावण्याची गरज नाही आणि 'पैसे काढून देतो' म्हणणाऱ्या मध्यस्थाची तर अजिबातच नाही. अशा प्रकरणांनंतर महिन्या-दोन महिन्यांनी 'तुमची रक्कम सापडली आहे, प्रक्रिया शुल्क भरा' असे फोन हमखास येतात. ते फोन त्याच टोळ्यांचे किंवा त्यांच्याकडून यादी विकत घेणाऱ्यांचे असतात.

१९३० वर नोंद झाली की पैसे ज्या-ज्या खात्यांत पुढे गेले तिथल्या बँकांना कळवले जाते आणि शिल्लक असेल तेवढी रक्कम तिथेच गोठवली जाते. तिथे किती रक्कम अडली हे तुमच्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यातून किंवा जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडून समजू शकते. काही रक्कम अडली असेल, तर ती परत मिळण्यासाठी न्यायालयाचा आदेश लागू शकतो. त्यासाठी अर्ज कसा करायचा हे तपास अधिकाऱ्यांनाच विचारा आणि दर पंधरा दिवसांनी स्वतः जाऊन विचारत राहा. जेवढ्या लवकर नोंद, तेवढी रक्कम अडण्याची शक्यता अधिक, कारण चोर एका खात्यातून दुसऱ्यात आणि तिथून एटीएममध्ये तासाभरात पोहोचतात. म्हणून इतर वाचकांसाठी इथेच लिहितो: पैसे गेल्याचे दिसताक्षणी फोन विमान मोडवर टाका, वाय-फाय बंद करा किंवा सरळ सिम काढून घ्या, आणि शेजाऱ्याच्या फोनवरून आधी १९३० लावा, मग बँकेच्या ग्राहक सेवेला सांगून कार्ड आणि नेट बँकिंग बंद करा. शनिवारी सकाळी यजमानांनी हे केले असते तर ते १९ हजार बहुधा वाचले असते. हे मी त्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. ते गप्प का राहिले असतील हे मला समजते, आणि त्याविषयी शेवटी बोलतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे फोन आता सुरक्षित आहे का, याला अर्धे उत्तर होय असे आहे. फॉरमॅट केल्याने ते ॲप गेले, यात मला शंका वाटत नाही. पण फोनच्या बाहेर जे गेले ते फॉरमॅटने परत येत नाही, आणि मोबाइलच्या दुकानात ही गोष्ट कोणी सांगत नाही. अशी काही ॲप्स तुमच्याकडे येणारे कॉल चोरांच्या नंबरवर वळवून ठेवतात. ही वळवणी फोनमध्ये राहतच नाही, ती मोबाइल सेवा देणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेत नोंदवलेली असते. फोन दहा वेळा पुसला तरी ती तशीच राहते आणि बँकेने पडताळणीसाठी केलेला कॉल चोराकडे जातो. यजमानांच्या फोनवरून स्टार, हॅश, २१, हॅश असे लावून पाहा, वळवणी चालू आहे का ते पडद्यावर दिसेल. चालू असो वा नसो, नंतर हॅश, हॅश, ००२, हॅश लावा. त्याने सगळ्या प्रकारची वळवणी रद्द होते. एखाद्या कंपनीच्या सिमवर हे चालले नाही, तर ग्राहक सेवेला फोन करून तेच काम करून घ्या.

त्यानंतर व्हॉट्सॲपमधील 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडा आणि तिथे तुमचे नसलेले कोणतेही यंत्र दिसले तर ते काढून टाका; मग टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा. जीमेलचा पासवर्ड बदला, आणि तो बदलताना खात्यात नोंदवलेला पर्यायी फोन नंबर तुमचाच आहे ना ते पाहा. कार्ड नवीन आले असेलच. नेट बँकिंगचा पासवर्ड आणि यूपीआयचा पिनही बदला. जुन्या बॅकअपमधून फोटो आणि संपर्क खुशाल परत घ्या, मात्र डाउनलोड्समध्ये पडलेली कोणतीही एपीके फाइल परत येऊ देऊ नका. प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलच्या चित्रावर टिचकी मारली की 'प्ले प्रोटेक्ट' दिसते. ते चालू आहे याची खात्री करा; अशा फाइलसोबत येणाऱ्या सूचनांमध्ये बऱ्याचदा पहिली सूचना ते बंद करण्याचीच असते. केंद्र सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'च्या संकेतस्थळावर फोन आणि संगणक तपासण्याची साधने विनामूल्य मिळतात, वेगळे ॲप विकत घेण्याची तुम्हाला आवश्यकता नाही.

फॉरमॅट केल्याने तुमच्याकडचा एक पुरावा मात्र पुसला गेला. तो भरून काढता येईल. ती फाइल ज्यांना गेली त्यांच्यापैकी ज्यांनी मेसेज अजून पुसला नसेल अशा दोघा-तिघांना, फाइल न उघडता, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट पाठवायला सांगा. पुतण्याच्या फोनमधील मूळ मेसेजचाही घ्या. फाइल त्याच्या फोनमधून त्याच्या नकळत आली होती, तशीच ती तुमच्या फोनमधून पुढे गेली, हे त्यावरून पोलिसांनाही दिसेल आणि भावकीलाही.

खऱ्या चलनाविषयी दोनच ओळी. महाराष्ट्रातील वाहतूक पोलीस किंवा आरटीओ व्हॉट्सॲपवर कोणतेही ॲप पाठवत नाहीत. दंड बाकी आहे की नाही हे राज्याच्या ई-चलन संकेतस्थळावर किंवा परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक स्वतः टाकून पाहायचे. दोन्हींच्या पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट इन' असते. आलेल्या एसएमएसमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आडव्या रेघेनंतर इंग्रजी 'जी' हे अक्षर असेल तर तो सरकारी मेसेज म्हणून नोंदलेला असतो. दहा आकडी साध्या नंबरवरून आलेले चलन कधीच खरे मानू नका.

आता लॅपटॉप. फोनमधले ते ॲप विंडोजवर चालत नाही, त्यामुळे केबल जोडून फोटो घेतले असतील तरी त्यातून लॅपटॉपला लागण झाली असे होणार नाही. यजमानांच्या गूगल खात्याचा पासवर्ड लॅपटॉपच्या ब्राउझरमध्येही असेल, तो वर सांगितल्याप्रमाणे बदला म्हणजे झाले. पण लॅपटॉपचा स्वतःचा एक धोका आहे आणि तो फोनपेक्षा वेगळ्या जातीचा आहे. फोनवर यजमानांनी चार वेळा परवानगी दिली तेव्हा चोर आत आला. संगणकावर कधीकधी कोणी काहीच दाबलेले नसते, तरी चोर आत येतो, कारण सॉफ्टवेअरच्या भिंतीतच एक भोक राहून गेलेले असते.

याचे सर्वांत मोठे उदाहरण २०१७ चे आहे. विंडोजमधील अशा एका भोकावर मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती दिली होती. ज्यांनी ती घेतली नाही त्यांच्या संगणकांवर जवळपास दोन महिन्यांनी, १२ मे रोजी, 'वॉनाक्राय' नावाची खंडणीखोर अळी, म्हणजे आपोआप पसरून फाइलींसाठी पैसे मागणारा प्रोग्रॅम, पसरली आणि दीडशेच्या आसपास देशांत फाइली कुलूपबंद झाल्या. त्यानंतरही अनेकांनी दुरुस्ती घेतली नाही. २७ जूनला 'नॉटपेट्या' हा दुसरा घातक प्रोग्रॅम आला, तोही हेच भोक वापरून एका संगणकावरून दुसऱ्यावर जात होता, आणि त्यात नवी मुंबईच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे संगणक बंद पडून कंटेनरच्या गाड्या रस्त्यावर रांगा लावून उभ्या राहिल्या. दुरुस्ती साडेतीन महिने आधी फुकट उपलब्ध होती. रात्री दुकान बंद करताना लॅपटॉप 'अपडेट अँड शट डाउन' असे विचारतो आणि आपण घाईत 'नुसते बंद कर' म्हणतो, तेव्हा आपण काय नाकारत असतो हे कळावे म्हणून मी इतके सविस्तर लिहिले.

तुमची अडचण अशी की विंडोज १० ला मिळणाऱ्या नियमित दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. लॅपटॉप चालू राहतो, जीएसटीचे विवरणपत्रही भरले जाते, पण त्या दिवसानंतर सापडलेली भोके तशीच उघडी राहतात. घरगुती वापराच्या संगणकांसाठी मायक्रोसॉफ्टने एक वर्षाची, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा मुदत दिली आहे. सेटिंग्जमधील 'विंडोज अपडेट' या पानावर नोंदणीचा दुवा दिसतो आणि मायक्रोसॉफ्ट खात्यात सेटिंग्जचा बॅकअप ठेवल्यास ती विनामूल्य मिळते. ती मुदत म्हणजे नव्या व्यवस्थेची तयारी करण्यासाठी मिळालेला वेळ आहे. लॅपटॉप विंडोज ११ पेलत असेल तर ते घ्या, नसेल तर मुदत संपण्याआधी बदलण्याची तजवीज करा.

एक गोष्ट तपासून घ्या: त्या लॅपटॉपवरचे विंडोज विकत घेतलेले आहे की कोणी 'ॲक्टिव्हेट करून' दिले आहे? तालुक्याच्या गावांत हे सर्रास चालते आणि पैसे वाचतात म्हणून त्यात कोणाला वावगे वाटत नाही. पण अशी ॲक्टिव्हेटर चालवण्यासाठी आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो, म्हणजे तपासणीस बाहेर उभा करून आपण अनोळखी माणसाला घराच्या किल्ल्या देतो. अशा मार्गांनी शिरणाऱ्या 'लुमा' नावाच्या पासवर्ड चोराने १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत ३ लाख ९४ हजार विंडोज संगणक गाठल्याचे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते. त्याची आणखी एक वाट आहे. एखाद्या पानावर 'मी रोबोट नाही' अशी खूण येते आणि खाली लिहिलेले असते की विंडोजचे बटण आणि 'आर' एकत्र दाबा, मग 'कंट्रोल व्ही' आणि मग 'एंटर'. असे करणारा माणूस स्वतःच्या हाताने चोराची आज्ञा आपल्या संगणकाला देत असतो. खरी तपासणी चित्रे ओळखायला लावते, बटणे दाबायला कधीही लावत नाही.

तुमचे करसल्लागार फाइली एकत्र बांधून पाठवत असतील, तर लॅपटॉपवर 'विनरार' असण्याची शक्यता आहे. त्यात जुलै २०२५ मध्ये एक गंभीर भोक सापडले. बांधलेली फाइल उघडताच त्यातला एक घातक तुकडा विंडोजच्या अशा जागी जाऊन बसायचा, की पुढच्या वेळी संगणक चालू होताच तो आपोआप धावावा. त्याची दुरुस्ती ७.१३ या आवृत्तीत आहे. पण विनरार स्वतःहून अद्ययावत होत नाही, कोणीतरी जाऊन नवी आवृत्ती उतरवून घ्यावी लागते, आणि त्यामुळे वर्षानुवर्षे जुनी आवृत्ती चालत राहते. आज ती उघडून 'हेल्प'मध्ये क्रमांक पाहा. आणि हिशेबाच्या नोंदींची एक प्रत दर शनिवारी पेन ड्राइव्हवर घेऊन तो पेन ड्राइव्ह काढून कपाटात ठेवा; लॅपटॉपला जोडून ठेवलेला पेन ड्राइव्हही खंडणीखोर प्रोग्रॅम कुलूपबंद करतो.

आता राहिले यजमान. ते दोन दिवस गप्प राहिले, आणि आता फोनला हात लावत नाहीत. ताई, या टोळ्यांचा सर्वांत मोठा आधार ही लाज आहे. पुण्याच्या कॉसमॉस बँकेत ऑगस्ट २०१८ मध्ये घुसखोरांनी एटीएमच्या व्यवहारांना मंजुरी देणारी यंत्रणाच बनावट करून देश-विदेशातून पैसे काढले आणि काही रक्कम थेट परदेशी खात्यात वळवली; अशी एकूण ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली होती. तिथे तर संगणकाचे जाणकार पगारावर होते. तुमच्या यजमानांना मेसेज घरच्या माणसाच्या नंबरवरून आला, दंड खरा होता आणि रक्कम एक रुपया होती. त्यांच्या जागी मी असतो तर दुकानात गिऱ्हाईक उभे असताना ती फाइल उघडली नसती, अशी खात्री मी देऊ शकत नाही.

भावकीत जे बोलले जात आहे त्याला उत्तर त्यांनी स्वतः द्यावे, असे मला वाटते. ज्या पन्नास जणांना फाइल गेली त्यांना मेसेज पाठवून भागणार नाही, कारण त्यांच्या नंबरवरून आलेल्या मेसेजवर आता कोणी विश्वास ठेवणार नाही. फोन करावा लागेल. 'माझ्या नंबरवरून आलेली फाइल उघडू नका, उघडली असेल तर सिम काढा आणि आधी १९३० ला फोन करा' एवढेच सांगायचे आहे. त्यांतल्या एखाद्याने ती उघडली असेल आणि तोही यजमानांसारखाच कोणाला न सांगता बसला असेल, तर या एका फोनने त्याचे उरलेले पैसे वाचतील. सुरुवात पुतण्यापासून करा. बहुधा त्याच्याही खात्यातून काही गेले असेल आणि त्यानेही ते घरी सांगितले नसेल.

कॉल वळवणी रद्द करण्याचा क्रमांक, व्हॉट्सॲपचा नवा पिन आणि कार्डाचा नवा पिन, हे सगळे तुम्ही किंवा घरातल्या दुसऱ्या कोणी करू नका. तुम्ही शेजारी बसा, आणि फोन त्यांच्या हातात द्या.